नाल्याच्या तोंडाशी युसूफभाई

युसूफभाई गेल्याची बातमी त्यांच्या मुलीने, शबानाने फोनवर दिली. "सर, अब्बा सकाळी गेले," एवढंच ती बोलू शकली. आणि खरं सांगायचं तर दुःखाच्याही आधी माझ्या मनात प्रश्न आला... या माणसाने माझ्यावर शेवटपर्यंत संशय घेतला का? सव्वा महिना होत आला, तो प्रश्न काही जाईना.

बीडच्या ज्या कॉलेजात मी भूगोल शिकवला, तिथे युसूफभाई रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. दुसऱ्याने धुतलेली काचेची नळी ते पुन्हा धुवायचे. तेव्हापासूनच त्यांचा कुणावर विश्वास नसायचा. निवृत्तीनंतर मात्र या स्वभावाला काम मिळालं. बिंदुसरा नदीच्या काठी राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आपाच्या, बोअरला दर पावसानंतर उग्र वास येऊ लागला, तिच्या हातांची कातडी सोलून निघायला लागली. तक्रार केली तेव्हा तपासणीला माणूस आला, पण चांगलं ऊन पडल्यावर. पाणी ठीक निघालं. "ऊन पडल्यावर कावून येतेत हे?" युसूफभाई चिडून मला म्हणाले. "सर, गावातली समदी घाण पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासात नदीत उतरती. नमुना तवाच घ्याया पायजे."

मग ते स्वतःच घ्यायला लागले, आणि छत्री धरायला मी. ढग दाटले की आम्ही निघायचो. गावाच्या वरच्या अंगाला एक बाटली, पुलाखाली एक, आणि शेवटची मोठा नाला नदीला मिळतो तिथे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग भरायची, वेळ लिहायची. आम्ल तपासायची पट्टी पाण्यात बुडवायची. नाल्याच्या तोंडाशी ती पट्टी लालभडक व्हायची, आणि युसूफभाई वर, गावाच्या दिशेने बघत राहायचे. "कुनीतरी पावसाची वाट बघून सोडतंय हे," ते म्हणायचे.

पुढच्या पावसाळ्यात अचानक नाला साफ झाला. आम्ही गेलो की पट्टी जशीच्या तशी. आपाच्या बोअरचा वास मात्र कायम होता. युसूफभाईंचा चेहरा काळवंडला. "आपन निघायच्या आधीच त्यांला कळतंय. आपन परतलो का सोडतेत." त्यांनी आधी पुलाजवळच्या चहावाल्यावर संशय घेतला, त्याच्याकडे बसणं सोडलं. मग स्वतःच्या पुतण्याशी बोलणं तोडलं. मीही त्यांच्याबरोबर एकेकाची नावं घेत होतो... त्या पुतण्याचंही.

एके दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. मी कपडे करून तयार, तर युसूफभाई म्हणाले, "आज नको सर. गुडगा लई दुखतोय." मी घरी थांबलो. थोड्या वेळाने माझ्या मेहुण्याचा फोन आला. तो पाऊस आला की नेहमीच करायचा. "दाजी, निघालात का नदीवर? जपून जा, घसरडं हाय." त्याच्या काळजीचं मला कौतुक होतं. "आज नाही रे, युसूफभाईंचा गुडघा दुखतोय," मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी युसूफभाई घरी आले आणि एक बाटली व लाल पट्टी माझ्यासमोर ठेवली.

"कालचं हाय."

"काल? पण तुमचा गुडघा..."

"गुडगा ठीक हाय." ते माझ्याकडे पाहत नव्हते. "सर, मी येनार न्हाई, हे फकस्त तुमाला सांगितलं होतं."

चहा न घेता ते उठले. मला मेहुण्याचा कालचा फोन आठवला. मेहुण्याचा जुन्या बॅटऱ्या फोडायचा धंदा होता. त्याची शेड गावाबाहेर त्याच नाल्याच्या वरच्या अंगाला होती. मी, भूगोलाचा मास्तर... आयुष्यभर पोरांना पाणी कुठून कुठे वाहतं ते शिकवलं. मला खरंच कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं? स्वतःवरचा हा संशय आजही मिटलेला नाही.

त्याच दिवशी शेडवर गेलो. मागच्या भिंतीखालून आम्लाच्या हौदाचा पाइप सरळ नाल्यात उतरला होता. "दाजी, पावसात वाहून जातंय की, कुनाला काय होतंय?" मेहुणा म्हणाला. मी त्याला आपाच्या हातांबद्दल सांगितलं. तो हसला. तक्रारअर्जावर पहिली सही मी केली, खाली त्याच्याशी असलेलं नातंही लिहिलं. शेड बंद झाली. हळूहळू आपाच्या बोअरचा वास गेला. माझ्या घरात मात्र अबोला आला. बायकोने भावाच्या घरचं एकही लग्न त्यानंतर पाहिलं नाही. नारायणगडावर दर्शनाला गेलो तेव्हा एकदा मेहुणा समोर आला आणि तोंड फिरवून गेला.

पुन्हा कुणी सोडेल म्हणून युसूफभाई मात्र नमुने घ्यायला मला घेऊन जात राहिले. फक्त आधी सांगणं त्यांनी बंद केलं. पाऊस सुरू झाला की एकदम दारात उभे राहून म्हणायचे, "चला." मीही कधी विचारलं नाही, कधी निघायचं म्हणून. तेवढी शिक्षा मला मान्य होती.

परवा शबानाने घरी बोलावलं. त्यांच्या खोलीतलं लोखंडी कपाट तिने उघडलं. आत ओळीने बाटल्या होत्या, त्या पावसाळ्यापासूनच्या. प्रत्येक तारखेच्या दोन-दोन. एक माझ्यासमोर भरलेली, दुसरी मेणाने तोंड बंद केलेली; तिच्यावर लिहिलं होतं, 'एकट्याने घेतली'. म्हणजे मला घरी सोडल्यावर ते पुन्हा नाल्यावर जात होते... माझे डोळे भरून आले. मी पुढे पाहत गेलो. शेवटच्या फळीवर यंदाच्या बाटल्या होत्या. प्रत्येक तारखेची एकच.

"थकले होते का गं यंदा?" मी विचारलं.

"न्हाई. मी पन विचारलं होतं. म्हनले, आता एकच बस झाली, सर असतेत संगं."

मला बरं वाटावं म्हणून ती असं बोलली का, असं क्षणभर वाटलं. मग मी ते कपाट हलकेच लावून घेतलं आणि तिला काहीच विचारलं नाही.