मांडीवर चाक, अहेरीपर्यंत

बल्लारशाला गाडीतून उतरले तेव्हा माझ्या हातात साडीत गुंडाळलेले सागवानी चाक होते. बाबांच्या मोटारबोटीचे, सुकाणू फिरवायचे. प्राणहिता नदीवर पूल नव्हता तेव्हा ते त्या बोटीने माणसे पलीकडे नेत. बोट पुढे कुजली. चाक तेवढे पुण्यात माझ्या भिंतीवर राहिले. आता धाकटा भाऊ विजय तशीच बोट बांधत होता आणि त्याला चाक हवे होते. पण बोटीचे पोट म्हणे फोमचे! बघितल्याशिवाय चाक देणार नाही, असे मी फोनवरच बजावले होते.

एसटीत चाक मांडीवर घेऊन बसले, साडीतून त्याची कड बाहेर डोकावत होती. कंडक्टर तिकीट देता देता म्हणाला, "बाई, स्टेरिंग तुमच्यापाशी, मंग ड्रायव्हर काय धरून बसला?" सगळी बस हसली. मीही हसले.

आलापल्लीच्या आधी सागाचे जंगल लागले. पाने गळून रस्त्याकडेला पडली होती. लहानपणी आम्ही ती टोपीसारखी डोक्यावर घालायचो. बाबांची इतकी आठवण झाली की खिडकीकडे तोंड करून बसावे लागले.

अहेरीला विजयने आधी जेवायला बसवले. भात आणि वरून भरपूर सांबार (कोथिंबीर) घातलेला माशांचा रस्सा. पोट भरल्यावर माणूस कमी भांडतो, हे त्याला ठाऊक आहे.

अंगणातल्या मांडवाखाली बोट उभी होती. फोमच्या पाट्यांना आतून-बाहेरून काचेच्या धाग्यांचे कापड राळेने चिकटवलेले, वरच्या डेकला मात्र सागवानी फळ्या. निमुळते नाक थेट बाबांच्या बोटीचे. मी विरघळलेच होते, पण तेवढ्यात लचमाभाऊ आले. बाबांची बोट यांनीच बांधली होती. नवी नाव पाण्यात जाण्याआधी बोटांच्या पेरांनी ती अंगभर वाजवून बघायची, ही त्यांच्या घरची रीत.

नाकापासून सुरुवात करून ते टकटक करत सरकू लागले. डाव्या कुशीला थांबले.

"इथी मुकी हाये."

"फोम हाये भाऊ, सागवान नाई," विजय म्हणाला. "असाच आवाज येते."

"बाकी सारी एकसारखी बोलून राह्यली. मंग इथीच काऊन मुकी?"

वर्षभराच्या मेहनतीवर विजयने स्वतःच कटर चालवला. कापडाखाली तळहाताएवढी पोकळी निघाली. तिथे राळ पोचलीच नव्हती. भर नदीत लाटांच्या माराने तिथूनच कापड सुटत गेले असते. त्याचा चेहरा पाहून मला रडू आले.

रागावेल, उद्यावर ढकलेल असे वाटले होते. त्याने मुकाट्याने जागा घासली, नवा फोम बसवला, कापड थरावर थर चढवले. बाबाही असेच, चूक सापडली की बोलणे बंद आणि काम सुरू. दोन दिवसांनी लचमाभाऊंनी पुन्हा पेरे वाजवली. कान लावून ऐकले आणि मान हलवली.

"बोलते आता."

विजयने चाक मागितले नाही. मीच चाकाभोवतीची साडी सोडली.

परतीच्या एसटीत मांडी रिकामी होती आणि हातांना काय करावे ते सुचत नव्हते. पुण्यात भिंतीवर चाकाच्या जागी फिकट गोल उरला आहे. परवा रंगारी आला तेव्हा त्याला सांगितले, सगळे घर रंगव, तेवढा गोल सोड.