जावळ आणि सुई

बुधवार, ७ फेब्रुवारी १९९६. पहाटे साडेपाच वाजता आम्ही डाळजची वस्ती सोडली. मी, पत्नी सखू आणि नऊ महिन्यांची मुलगी नंदा. मेंढरे धाकट्या भावाच्या हवाली केली होती. लोकर कातरायची कातर मात्र मी सामानात घेतली. का, ते तेव्हाही सांगता आले नसते.

आई फाट्यापर्यंत आली. निरोपाचे शब्द असे : "जावळ निघाल्याबिगर पोरीच्या अंगाला लोखंड लावायचं न्हाय."

आमच्या घराण्याची ही रीत. जावळ मामाच्या मांडीवर काढायचे, आणि तोवर मुलाच्या अंगाला लोखंड लागू द्यायचे नाही. पोलिओचे थेंब चालले. सुई घेऊन आलेल्या नर्सबाईंना आईने दोनदा परत पाठवले. सखूचा भाऊ मेंढरांमागे कोकणात होता. तो जेठात परतणार होता. गोवर मात्र रस्त्यापलीकडच्या वस्तीवर आधीच येऊन पोचला होता.

बारामतीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे मला दुसऱ्या दिवसापासून पहिली पाळी होती. नव्या माणसाने खाडा केला की त्याच्या जागी दुसरा उभा राही. सरकारी दवाखान्यात गोवराची लस बुधवारी सकाळी मिळे. सखूला शहर अनोळखी. म्हणजे जे करायचे ते त्याच दिवशी.

आठच्या सुमारास चाळीतल्या खोलीत सामान ठेवले आणि दवाखान्यात चल म्हणालो. सखूने मुलीला पदराखाली घेतले.

"आत्याबाईंचा शब्द मोडला अन् पोरीला काय झालं, तर मी कुणाला तोंड दावू?"

शेजारचा गौतम रात्रपाळी करून दारात दात घासत होता. इंदापूरकडचा, दूध कारखान्यातला. त्याच्या दारावर बुद्धाची तसबीर होती. आमच्या वस्तीवर त्याच्या समाजाला चहा वेगळ्या कपात मिळे. ते त्यालाही ठाऊक होते, आम्हालाही.

"पाव्हणं, मामाच पायजे ना?" तो म्हणाला. "मंग मी बसतो की. ताईंना चालंल का, तेवढं इचारा."

मी विचारले नाही. सखूकडे पाहिले. तिने मुलीला पदराबाहेर काढले. मग उठली आणि मुलगी त्याच्या मांडीवर ठेवली.

"आहेर आत्ताच मागू नका," तो म्हणाला, "पगार व्हायचाय अजून."

सखू हसली. मी गाठोड्यातून कातर काढली. मेंढराच्या कातडीला धक्का न लावता लोकर उतरवावी, तशी एकेक बट कातरली. जावळ निघाले. पहिले लोखंड लागले. मग आम्ही दवाखान्यात गेलो. "नऊ महिने झोपला होता काय?" असे तिथल्या बाई म्हणाल्या. मग त्यांनी सुई टोचली. नंदा रडली.

चैत्रात आई आली. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत विचारले, "कुणाच्या मांडीवर?" मी सांगितले. "माझ्या लेखी ह्ये जावळ झालंच न्हाय," म्हणाली, आणि पाणीही न घेता परतली.

भावाचा मुलगा नंदाच्याच वयाचा. त्याचाही मामा मेंढरांमागे होता. तो जेठात परतला. गोवर त्याआधी, वैशाखातच आमच्या वस्तीवर आला. मुलगा राहिला नाही. त्यानंतर आई लोखंडाविषयी कधी बोलली नाही. माझ्या घरचे पाणी मात्र तिने शेवटपर्यंत घेतले नाही.

वस्तीवर मागे राहिलेल्यांनो, तुम्ही विचारता, गावी कधी येता. येतो, जमीन तिथे आहे, आईची समाधी तिथे आहे. भावासमोर बसतो, तेव्हा दोघेही पिकापाण्याचे बोलतो. नंदा घर म्हणते तेव्हा तिला ती चाळ अभिप्रेत असते, आणि मामा म्हणते तेव्हा गौतम. मी तिला दुरुस्त करत नाही.

त्या बुधवारी संध्याकाळी तिला थोडी कणकण होती. सखू तिला घेऊन निजली. जावळ फडक्यात बांधून खुंटीला टांगले. मग कातर पुसली, पात्यांना तेल लावले, गोणपाटात गुंडाळली आणि फळीवर ठेवून दिली.