कानात बोलणारी भाची

शहर दाखवायचं काम मावशी एकवीस वर्षं करत होती. सकाळी जुना तुरुंग आणि सैनिकांची स्मशानभूमी, दुपारी बोट, बाजार आणि आकाशपाळणा. लोकांना आधी रडवायचं आणि मग हसवून घरी धाडायचं, असं ती म्हणायची. बहिणीची मुलगी वर्षभर वही घेऊन तिच्या मागे हिंडली होती. "मावशी, तुझ्यासारखं बोलायला शिकव," म्हणायची. मावशीने हातचं काही राखलं नाही.

त्या दिवशी तुरुंगाच्या दारात तिच्या अठरा पाहुण्यांना हेडफोन मिळाले. "आजपासून हे सुरू झालंय," तिकिटाच्या खिडकीतली बाई म्हणाली. "आत तुम्ही बोलायचं नाही, नुसतं सोबत चालायचं."

मावशीनेही एक कानाला लावला आणि पहिल्याच वाक्याला थबकली. आवाज भाचीचा होता, शब्द मावशीचे. फाशीच्या चौकटीपाशी ती घ्यायची तो श्वाससुद्धा उचललेला. मला एका शब्दाने विचारलं नाही, असं मनात आलं. तरी पोरगी छान बोलते, हेही आलंच.

मग सात नंबरची कोठडी आली. इथे एक शिंपी पाच महिने होता, एवढंच मावशी रोज सांगायची. भाची पुढे बोलत राहिली. मार सहन न होऊन त्या शिंप्याने तीन सोबत्यांची नावं दिली, ते तिघे परत आले नाहीत, आणि त्याची मुलगी आजही इथे पाहुण्यांना फिरवते.

वडिलांनी हे शेवटच्या दुखण्यात फक्त मावशीला सांगितलं होतं. तिने ते एकाच माणसापाशी बोलून मन हलकं केलं होतं.

अठरा माणसं तिच्याकडे बघत होती. एका आजींनी हेडफोन उतरवून हळूच विचारलं, "ते तुमचे वडील का हो?"

"हो," मावशी म्हणाली. "पायरी जपून उतरा."

दुपारी बोटीवर तिने नेहमीचे विनोद केले. कोणी हसेना. सगळ्यांना आकाशपाळण्यात बसवून तिने खालून भाचीला फोन लावला.

"मी खोटं काय सांगितलं?" भाची म्हणाली.

"खोटं काही नाही. पण त्याची मुलगी म्हणालीस. नात कुठे म्हणालीस?"

भाचीचा आवाज एकदम खाली आला. मग, "मावशी, आईला यातलं काही बोलू नकोस हं."

मावशीने फोन ठेवला. पाळणा थांबेपर्यंत ती बाकावर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने पाहुण्यांना तुरुंगाच्या दाराबाहेरच थांबवलं. "आत ऐकाल तो शिंपी माझा बाप," ती म्हणाली. "सुटून आल्यावर तो मरेपर्यंत त्या तिन्ही घरांतल्या मुलांचे कपडे शिवत राहिला. का शिवतो, हे त्यांना सांगायचं धाडस त्याला झालं नाही." आता ती रोज हे सांगते.

भाचीचा फोन ती घेत नाही. परगावची बहीण अधूनमधून विचारते, "तुम्हा दोघींचं काय बिनसलंय?"

"तिलाच विचार," मावशी म्हणते.