पेढे आधी वाटले

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. तेव्हा चुकांबद्दल माफ करा. कोण माफ करणार कोण जाणे, कारण हे मी कोणाला दाखवणार नाहीये. लोकांसमोर बोलायचं म्हटलं की माझी वाक्यं अर्धीच राहतात. लिहिताना तेवढं होत नाही.

आमची मुलगी भाला फेकते. मस्कतजवळ अल खौदला राहायला आलो तेव्हा ती लहान होती आणि गॅलरीतून कपड्यांचे चिमटे खाली फेकायची. शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिच्या हातात भाला दिला आणि माझे चिमटे वाचले. ती अकरावीत असताना पुण्याच्या एका कॉलेजच्या कोच मॅडम मस्कतला बहिणीकडे आल्या होत्या. सरांनी त्यांना मैदानावर नेऊन तिचा खेळ दाखवला. मॅडमनी निरोप पाठवला, उद्या घरी येते, आईवडिलांशी बोलायचंय.

मुलीला बघायला पुण्याहून कोणी घरी येतंय म्हटल्यावर आम्हा दोघांचे हातपाय आपोआपच चालायला लागले. मी कांदेपोहे केले. हे रुसैलच्या फॅक्टरीतून लवकर सुटून आले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मुलीसाठी मी पंजाबी ड्रेस काढून ठेवला होता. ती ट्रॅकपँटमध्येच बाहेर आली. मी पोह्यांचा ट्रे तिच्या हातात दिला.

"आई, सीरियसली?" ती म्हणाली.

मॅडमनी पहिला घास घेतला न घेतला तोच हे म्हणाले, "आमच्याकडून होकार आहे!"

"अहो, मी तिचा हात कसा चालतो ते बघायला आलेय, हात मागायला नाही," मॅडम हसत म्हणाल्या. मग त्यांनी नीट सांगितलं. चांगल्या खेळाडू मुली बारावीपर्यंत थांबत नाहीत, म्हणून त्या अकरावीतच शब्द घेतात. महिनाअखेर डिपॉझिट भरलं की जागा हिची, फी निम्मी माफ.

"आणि मी बारावीनंतर सांगितलं तर?" मुलीने विचारलं.

"तोवर दुसरी कोणी आलेली असेल."

"भरतो," हे म्हणाले. मुलीकडे बघितलंसुद्धा नाही. मीही पोहे वाढत राहिले.

एवढे पैसे हाताशी नव्हते. ते शेजारच्या ताईंनी उसने दिले. त्यांचा मुलगा पोहतो, त्याने दहावीतच कॉलेज ठरवून टाकलं होतं. "अगं, एवढा काय विचार करतेस? माझा मजेत आहे तिकडे. यल्ला, चला, भरून टाका!" डिपॉझिट भरलं त्याच संध्याकाळी हे पेढ्यांचे बॉक्स घेऊन आले आणि बिल्डिंगभर वाटून मोकळे झाले.

त्यानंतर जो भेटेल तो मुलीला म्हणायचा, "काय मग, पुणेकर?" ती लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागली. मग शुक्रवारचा सराव चुकवला. मग पुढचाही. मी कणीक मळत होते, ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, पुणं नको असं नाही. पण माझा खांदा दुखतोय. आणि मला फिजिओथेरपीचा कोर्स पण बघायचा होता. आणि मला कोणी आस्कच केलं नाही. पेढे वाटलेत ते मला लिफ्टमध्ये कळलं."

माझ्या लग्नाचं असंच झालं होतं. मी गोठ्यातून घरात आले तर सगळ्यांच्या तोंडात पेढा. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, तुझं ठरलं. माणूस चांगला निघाला, हे माझं नशीब. ओला टॉवेल अजून पलंगावर टाकतो, तेवढं सोडलं तर.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं पेढे वाटून झालेत! आता काय तोंड दाखवायचं?"

"तोंड नका दाखवू. मी फोन करते मॅडमना."

"तू?" गॅसवाल्याचा फोन आला तरी मी ह्यांच्या हातात देते, म्हणून ते बघतच राहिले.

"मॅडम, मी भालावालीची आई," मी फोनवर म्हटलं. पुढचं पाठ केलेलं सगळं विसरले. "आम्ही तिला न विचारता होकार दिला. तिला बारावीपर्यंत वेळ हवाय."

"डिपॉझिट परत मिळत नाही हो. आणि जागाही जाईल."

"जाऊ दे."

मग मॅडम म्हणाल्या, "पोहे छान होते. बारावीनंतर तिला फोन करू दे. तुम्ही नको. तिच्या बाबांनी तर नकोच."

वर्षभरात खांदा बरा झाला. बारावीनंतर तिने फोन केला, तेव्हा जागा खरंच गेलेली होती. मॅडमनीच नाशिकचं एक कॉलेज सुचवलं. ती मामाबरोबर तिकडे गेली, मैदानावर भाला फेकून बघितला, होस्टेलचं जेवण जेवली, फिजिओथेरपीचं विचारून आली आणि मग फोन केला, "आई, हेच." फी मात्र पूर्ण. ताईंच्या मुलाचं दहावीत ठरलं आणि तो सुखात आहे, तेव्हा केव्हा ठरवावं ते मी कोण सांगणार? त्याने स्वतः ठरवलं होतं, एवढं मला माहीत आहे.

ताईंचे पैसे फेडायला मी पोळ्या करून विकायला लागले. ह्यांच्या फॅक्टरीत एकटे राहणारे आपले कोकणातले लोक पुष्कळ. सकाळी डबा ह्यांच्याबरोबर कंपनीच्या बसने जायचा. त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही, उलट बसमध्ये नवीन गिऱ्हाइकं मिळवली.

काल मी राहिलेले रियाल घेऊन ताईंकडे गेले.

"खलास! फिटलं गं सगळं," त्या म्हणाल्या. "पण नाशिकचे पेढे कुठायत? ते काही मला मिळाले नाहीत."

"तिला विचारते आणि सांगते," मी म्हटलं, आणि शेवटच्या नोटा त्यांच्या हातात ठेवल्या.