दोनशे बारा घरांची यादी

कल्पिता मढवीने नोकरी करावी, अशी तिच्या घरी कुणालाच गरज नाही. डोंबिवलीच्या पूर्वेला जिथे त्यांची भातशेती होती, तिथे आता त्यांचे चौदा गाळे आहेत. "भाडं येतंय ना घरबसल्या? मंग ठान्याला जाऊन कोनाची चाकरी करशील?" असं वडील जेवताना विचारतात. कल्पिता भात वाढून घेते.

तिचं म्हणणं साधं होतं. कॉम्प्युटरचं काम तिला आवडत होतं आणि साठीपर्यंत तेच करायचं होतं. आयटीची पदवी हातात होती. पण इतकी वर्षं या धंद्यात टिकायचं तर तयारी काय करायची, हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

ते सांगणारे भेटले त्र्यंबक साने. एका बँकेच्या संगणक विभागात एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि आता डोंबिवली पश्चिमेच्या आपल्या घरी दर शनिवारी दुपारी चौघांना फुकट शिकवतात. "मी सात भाषा शिकलो," सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "त्यातल्या पाच आता कुणी विचारत नाही. तेव्हा भाषांचं कौतुक मला सांगू नका. तुम्ही केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या कुणीतरी सलग एक वर्ष वापरला पाहिजे. मध्ये बंद पडला, तर मोजणी पहिल्यापासून." वर्ष पुरं करणाऱ्याला ते शिफारसपत्र देत. ठाण्यातल्या एका कंपनीत त्यांचे जुने सहकारी दर जूनमध्ये एक नवा माणूस घेत, आणि त्या पत्राला मान देत. कल्पिताला ती जागा हवी होती.

विषय तिने गावातलाच घेतला. हळद असो, साखरपुडा असो, गावात दोनशे बारा घरांना आवतण जातं. आधी कुठल्या घरी जायचं आणि मागून कुठल्या, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. ही यादी तिच्या चुलत आजोबांच्या, सहदेव मढवींच्या वहीत होती. तिने ती उतरवून घेतली आणि मोबाइलवर यादी दिसेल, घर झालं की खूण करता येईल, असं ॲप बनवलं. जूनमध्ये ते सुरू झालं. गावातल्या पोरांना आवडलं. सात महिने काही तक्रार नव्हती.

फेब्रुवारीत तिने त्यात सुधारणा केली. नाव शोधायला पोरांना वेळ लागतो, म्हणून यादी अकारविल्हे लावली. कुणाला विचारलं नाही. एकही घर सुटलेलं नाही, एवढं मात्र दोनदा तपासलं.

नेमकी त्याच आठवड्यात हळद होती बंटीची, म्हणजे सहदेव आजोबांच्याच नातवाची. पोरं मोबाइलमध्ये बघत आवतणाला निघाली आणि सगळ्यात आधी शिरली आनंदाच्या घरात, कारण यादीत 'अ'चं कुणी नव्हतं आणि त्याचं नाव 'आ'वरून. आनंदाचं घर भावकीत सगळ्यात धाकटं. पहिला मान भगवान मढवींच्या थोरल्या घराचा, तिथे पोरं पोचली दुसऱ्या दिवशी. हळदीला थोरल्या घरातून एकही माणूस आला नाही.

"तुजे कॉम्प्युटरला नाती कलतान का गो?" आजोबांनी विचारलं.

"नाही, आजोबा."

"मंग माजी वहीच बरी."

ॲप बंद झालं. आजोबांबरोबर कल्पिता माफी मागायला थोरल्या घरी गेली, आनंदाही मागोमाग आला. बोलल्या त्या भगवान मढवींच्या बायको, रखमाबाई. "आवतन उशिरा आलं त्याचं काय नाय गो पोरी. पन ह्या आनंद्याचे मागून? माजे मांडीवर खेललाय तो!"

"काकी, मी पन दचकलो," आनंदा म्हणाला. "म्हटलं, आपन येवढे मोठे कवा झालो?"

रखमाबाई हसल्या, चहाही दिला. तरी पुढच्या आवतणाला वहीच निघाली.

तीन आठवडे असे गेले. सरांना ॲपची रोजची नोंदवही दाखवावी लागे. बरोबर शिकणारी दिशा म्हणाली, "अगं, सरांना कोण सांगणारे? लिही ना, मेंटेनन्स चाललेला." कल्पिताने तसं लिहिलंही. मग वाचून पाहिलं. त्या तीन आठवड्यांत तिने काहीच दुरुस्त केलं नव्हतं. शनिवारी तिने ती ओळ खोडली आणि घडलं ते सांगितलं.

"तपासलं काय होतंस?" सरांनी विचारलं.

"घरं मोजली."

"आणि वापरणाऱ्यांना विचारलं?"

"नाही."

"मग मोजणी पहिल्यापासून." सरांनी आवाज चढवला नाही, नियमही बदलला नाही. पत्र चौघांतल्या मयूरला मिळालं. शहाडच्या एका गॅरेजसाठी त्याने केलेला प्रोग्रॅम वर्षभर चालला होता. कल्पिताने त्याचं अभिनंदन केलं, आणि पुढचे दोन शनिवार ती गेली नाही.

तिसऱ्या शनिवारी गेली. त्याआधी यादी पुन्हा वहीच्या क्रमाने लावली होती. मे महिन्यात भावकीतल्या शिवानीचं लग्न निघालं, तेव्हा तिने यादी छापून आजोबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि एकेका नावावर बोट ठेवत खाली आले. त्रेचाळिसाव्या नावावर बोट थांबलं.

"ह्यांचे घरान मानूस गेलाय, वरीस नाय झालं. ह्यांना आवतन नाय द्यायचं, नुसतं सांगून यायचं."

"हे वहीत कुठे आहे, आजोबा?"

"वहीन कशाला? मना म्हाईत हाय."

कल्पिताने खुर्ची पुढे ओढली. "तुम्हाला अजून असं काय काय माहीत आहे?"

"लय हाय," आजोबा म्हणाले. "चाय सांग आधी. आन त्या मोबाइलमदी नको, कागदावर लिव. मी वाचून बघनार."