हिवतापमुक्त गावाची भिंत

आमचं गाव आलापल्लीच्या अलीकडे, सागाच्या जंगलात. इथला डास सरकारी माणसापेक्षा नियमित. रोज येतो, कामाला हात घालतो आणि बदलीसाठी कुणाचे पाय धरत नाही.

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस माझी पुतणी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सासर ऊर्जानगरचं, जंगलाबाहेर वीजकेंद्राच्या वसाहतीतलं. लहानपणी तिला दरवर्षी हिवताप यायचा. गोधडीत कुडकुडून झालं की पोरगी पुन्हा आंब्यावर. अशा वारंवार तापाने शरीर थोडंफार शिकतं. जंतू पुरता हटत नाही, पण माणसालाही सहसा आडवं करत नाही. मात्र सराव सुटला की ही विद्या जाते. जंगलाबाहेर काही वर्षं काढलेलं शरीर ती विसरतं, आणि पहिलटकरणीच्या शरीराचा तर भरवसाच नाही.

हे मी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजी, जंगलातली पोरगी होय ते. तिले काय होते?"

तरी फवारणीवाले आले तेव्हा तिने देव आणि पिठाचा डबा निमूट अंगणात काढला. भिंतींवर औषधाचे पांढरे ओघळ उमटले. पथकातला माणूस बजावून गेला, "बाई, आता सारवू नका. चावून झालं का डास भिंतीवर बसते अन् तिथीच मरते. माती लावली त औषध झाकून जाते."

इथवर सगळं ठीक होतं. मग आमच्या गावाला हिवतापमुक्त जाहीर करायचं ठरलं, आणि गावाची तब्येत बिघडली.

प्रमाणपत्र द्यायला मोठे साहेब येणार होते. सरपंच घरोघर फिरत आमच्याकडे आला आणि ओघळांकडे बघून कळवळला. "काकी, हे काय दिसून राह्यलं? सायेब काय म्हणतीन?"

"ते औषध आहे," मी म्हणालो.

"औषध आत हायच ना, काकाजी! वरून माती लावली त ते कुठी पळून जाते?"

"डास वरच बसतो ना पण."

"तुम्ही लय वाचता," तो म्हणाला. आमच्याकडे वाद संपवायची ही रीत आहे.

वहिनीच्याही अब्रूचा प्रश्न होता. डागांचं घर साहेबासमोर कसं दाखवायचं? दोन दिवसांत सगळं गाव आतून-बाहेरून मातीने पोतारून लख्ख झालं. आमची बाहेरची भिंत रस्त्याकडे तोंड करून असल्याने तिच्यावर ठळक निळ्या अक्षरांत 'आमचे गाव, हिवतापमुक्त गाव' असं रंगवण्यात आलं.

साहेब आले. शाल, नारळ, फोटो झाले. भाषणात ते म्हणाले, "तुमच्या रक्तातच प्रतिकारशक्ती आहे. आम्ही शहरी लोकांनी ती तुमच्याकडून घ्यावी." बाह्या मनगटापर्यंत खाली, गळ्याचं बटण लावलेलं, आणि अंगाला चोपडलेल्या मलमाचा वास पहिल्या रांगेपर्यंत. दिवेलागणीच्या आत त्यांची गाडी गावाबाहेर होती.

पंधरवडा उलटला आणि पुतणीला थंडी वाजून ताप भरला. गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. त्यातून तिचा आवाज आला, "काकाजी, बाळ हालून नाई राह्यलं."

आशाताईंनी त्या निळ्या अक्षरांखालीच बसून तिच्या बोटाला सुई टोचली. हिवताप निघाला, आणि तोही वाईट जातीचा. रुग्णवाहिकेतून गडचिरोलीला निघालो. वाटभर वहिनी लेकीचे तळवे चोळत होती. एकदाच बोलली, "माह्याच हातानं पोतारलं, भाऊजी."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटाला यंत्र लावलं. खरखर झाली, मग टकटक ऐकू आली. वहिनी पुन्हा लेकीचे तळवे चोळू लागली.

ताप उतरल्यावर हिवताप कार्यालयातला एक कारकून सफरचंदं घेऊन विचारपूस करायला आला. त्याने पत्ता विचारला आणि त्याचा चेहरा उजळला. "सासर ऊर्जानगर? मग केस तिकडची. तुमचं गाव तर मुक्त आहे."

"डास आमच्या घरात चावला," मी म्हणालो.

"मुक्त गावात कसा चावेल?"

पुतणी उशीवरून म्हणाली, "साहेब, ताप तिकडं पाठवून राह्यले त थंडीबी पाठवा ना. काऊन ठेवता इथी?"

मुलगी झाली. वजनाला थोडी कमी, पण आवाजाला नाही.

पुढच्या फवारणीचे ओघळ वाळले नाहीत तोच सरपंच पुन्हा दारात. मुक्त गाव मुक्तच आहे ना, हे बघायला साहेब येणार होते. "काकी, थोडंसं पोतारून घेता काय?"

वहिनी नातीला मांडीवर थोपटत होती. "सायेब राती इथी मुक्काम करून राह्यला काय?"

"नाई जी. मुक्काम कसा करन?"

"करत असन त सांग. मंग पोतारतो."

साहेब मुक्कामाला राहिले नाहीत. पाळणा अजून त्या ओघळांच्या भिंतीलगतच टांगलेला आहे.