एका खेपेला एकच दुखणं

त्रिवेणी आणि मी, काचीगुड्याच्या मराठी शाळेत आम्ही दोघींनी बावीस वर्षं एका टेबलावर वह्या तपासल्या. गणित तिचं, इतिहास माझा. बाई इतकी कडक की तिच्या वर्गातली पोरं शिंकसुद्धा मधल्या सुट्टीसाठी राखून ठेवायची.

अशा बाईला गेल्या वर्षभरात आतून काहीतरी पोखरत गेलं. आधी झोप उडाली. मग छातीत धडधड, पोटात आग, डोकं जड. वह्यांचे गठ्ठे साचू लागले, ते मी गुपचूप घरी आणून तपासायची. बसथांब्यावर उभी राहून ती समोरून तीन-तीन बस जाऊ द्यायची. तिच्या नवऱ्याला, हिम्मतरावांना विचारलं, तर म्हणाले, "वय झालं की चालायचंच." दिवाळीनंतर तिनं शाळेत येणंच सोडलं. शेवटी मुख्याध्यापिकेचा निरोप आला: सोमवारी वर्गावर उभ्या राहा, नाहीतर राजीनामा द्या. शाळा गेली की हिच्याकडे अंथरुणाशिवाय काही उरणार नव्हतं. मला त्याचीच भीती वाटत होती.

डॉक्टरकडे जात नव्हती असं नाही. महिन्यातून दोनदा जायची. चिक्कडपल्लीचे डॉक्टर श्रीनिवास हिम्मतरावांचे बालमित्र, दसऱ्याला जेवायला घरी येणारे. पण नवी नवरी असताना सासूनं तिला बजावलं होतं, डॉक्टरला एका खेपेला एकच दुखणं सांगावं. दोन सांगितली की बाई नखरेल ठरते. सासू जाऊन पंधरा वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. एकदा पोट सांगितलं, एकदा धडधड, एकदा झोप. दर खेपेला त्यांनी एक गोळी दिली, आणि प्रत्येक गोळी बरोबरच होती. जगावंसंच वाटत नाही, हे सांगायची पाळी मात्र कधी आली नाही.

शनिवारी दुपारी मीच तिच्या घरी गेले. तिला उठवलं, साडी नेसवली, रिक्षात घातलं.

"आज काय, वहिनी?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुडघा दुखतो."

माझं डोकं सणकलं. "गुडघा गेला खड्ड्यात," म्हणत मी वर्षभराचं सगळं त्यांच्यापुढे ओतलं. त्रिवेणी शरमेनं मान खाली घालून बसली.

"सरोज, त्यांना परेशान नक्को करू गं. बाहेर लोक बसलेत."

डॉक्टरांनी जुने कागद काढून टेबलावर ओळीनं मांडले आणि बराच वेळ वाचत राहिले. "मीही कधी विचारलं नाही," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी दुखणं विचारलंच नाही. "वहिनी, आज सकाळपासून काय काय केलंत, तेवढं सांगा."

ती ताठ बसली. "उठले," म्हणाली. "दात घासले." आणि अडकली. ओठ हलत होते, पुढचं सापडत नव्हतं. मला मधेच बोलावंसं वाटलं, पण डॉक्टरांनी हातानं थांबवलं.

"नाही," ती अखेर म्हणाली. "दात राहिलेच."

भिंतीवरच्या घड्याळात संध्याकाळच्या सहाला पाच कमी होते. डॉक्टरांनी शाळेला द्यायची आजारपणाच्या रजेची चिठ्ठी लिहायला घेतली, आणि ती माझा हात धरून विचारत राहिली, "मग सोमवारी मी जायचं ना?"